अनामिक प्रवासी, संख्या चार

लीलाधर बऱ्हाटेनं पेनाचं टोक त्या चौकटीवर टेकवलं होतं.
"मॅडम, हे ऐच्छिक आहे. गाडीतल्या माणसांच्या दवाखान्याचं.
तीनशे चौऱ्याहत्तर जास्तीचे. सोडून देऊ?"
माझं लक्ष दहावीच्या पेपरांत. म्हटलं, टाका.
दानत नव्हती ती. घासाघीस करायचा कंटाळा होता.

अडावदच्या फाट्यावर ती उभी होती,
घड कापायचा विळा फडक्यात गुंडाळलेला.
शेवटची एसटी गेली होती, की आलीच नव्हती.
मी काच खाली केली. "यावलपर्यंत?"
मागच्या सीटवर ती अंग चोरून बसली,
म्हणाली, "तुही सीट काळी होईन, बाई.
चीक हाये हाताले."

साकळीच्या अलीकडे रोही आलं.
आठवतात ते त्याचे कान,
आणि मी स्टिअरिंग फिरवलं तेव्हा मागून
वाळली फांदी मोडावी तसा आवाज.
रोही गेलं. आम्ही मोरीत.
मला कपाळावर चार टाके.
तिचं गळ्याजवळचं उजवं हाड, दोन तुकडे.

जळगावच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी
मी पॉलिसी पहिल्यांदा वाचली.
(वर्गात रोज सांगते, प्रश्न नीट वाचा.)
पान सहा, मुंगीएवढी अक्षरं:
अनामिक प्रवासी, संख्या चार,
वैद्यकीय खर्च, माणशी पंचवीस हजार.
मान वर केली. समोरच्या कॉटवर
अनामिक प्रवासी चहात टोस्ट बुडवत होती
डाव्या हातानं, चिडून.

जुलेखा छबू तडवी, वाघझिरा.
आता विचारलं म्हणून कळलं.
गाडीत विचारलं नव्हतं.

फॉर्मला नाव चाललं. नातं हवं होतं.
विमाधारकाशी नाते, आणि पुढे ठिपक्यांची ओळ.
बऱ्हाटे म्हणाला, "मोलकरीण लिहा, पटकन होतं."
मी मोजलं. अडावद ते साकळी, पंचवीस मिनिटं.
लिहिलं: वाटेत बसवलेली.
खिडकीपलीकडच्या माणसानं ते दोनदा वाचलं,
मग अंगठा मागितला. बाईचा उजवा.
उजवा झोळीत होता.
त्यावर एक अर्ज, अर्जाला डॉक्टरचा शिक्का,
शिक्क्याला चार दिवस.
शेवटी डावा चालला.
रेषांत आधीच काळा चीक मुरलेला,
निळी शाई त्यावर धरेना.

बिलं एकेक डकवली. भूल, प्लेट, सहा स्क्रू.
जीपचं भाडं नाही, पावती नव्हती.
खाड्यांना रकाना नाही.
विकलेल्या दोन शेळ्यांनाही नाही.
त्यांतल्या एकीचं नाव चांदी होतं,
हे मी तरी कुठे लिहिणार.

पैसे माझ्या खात्यात आले, कारण गाडी माझी.
बसनं वाघझिऱ्याला गेले.
तिनं बाजेवर नोटा पसरल्या,
डावा अंगठा थुंकीनं ओला करत मोजल्या.
"हे वरचे कायचे?"
"शेळ्यांचे."
"शेळ्या म्या इकल्या. तू काहाले देते?"
बराच वेळ नोटांकडे बघत बसली.
मग वरचे अर्धे ठेवले,
अर्धे माझ्या पर्सखाली सरकवले.
हिशोब कोणता, मी विचारलं नाही.
निघताना तिनं केळी दिली नाहीत, पाणी दिलं.
केळी मालकाची असतात.

मार्चात बऱ्हाटेचा फोन. नूतनीकरण.
"ते ऐच्छिक ठेवायचं का, मॅडम?"
गाडी दारात, पत्रा ठोकून रंगवलेली.
मागच्या सीटवर तळहाताएवढा काळा डाग.
लिंबानं गेला नाही, रॉकेलनंही नाही.
केळीचा चीक, तो जात नसतो.
"ठेवा," म्हटलं. "किती झाले यंदा?"
"चारशे बारा. आणि अटी थोड्या बदलल्यात."
मी दहावीचे पेपर बाजूला सारले.
"वाचा," म्हटलं. "सावकाश."